टेस्ट लाल असताना उठावं लागलं तर

दुपारचे पावणेचार. स्क्रीनवर एक टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) लाल आहे, म्हणजे फेल: ‘अपेक्षित २३, मिळाले २२’. घोळ कुठे आहे ते नुकतंच डोक्यात येऊ लागलंय, तेवढ्यात मागून आवाज येतो, ‘‘अरे, प्रॉडक्शनला पेमेंट अडकलंय. दोन मिनिटं ये ना.’’ ती दोन मिनिटं परवा संध्याकाळी संपतात.

परत येऊन बसतो तेव्हा टेस्ट लालच असते, पण आता ती परकी वाटते. हे २३ कुठून आले? हा अर्धा लिहिलेला तुकडा ठेवायचा होता की उडवायचा होता? ही वेळ माझ्यावर इतक्यांदा आली की शेवटी मी उठण्याची पद्धतच ठरवून टाकली. तीच इथे पायरीपायरीने मांडतो. टीडीडीचं (टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट, म्हणजे टेस्ट आधी आणि कोड नंतर) चक्र तुम्हाला माहीत आहे असं धरतो: आधी फेल होणारी टेस्ट, मग ती पास होण्यापुरता कोड, मग साफसफाई. लाल, हिरवा, रिफॅक्टर.

उठताना मी स्वतःला दोनच प्रश्न विचारतो. या चक्रात मी आत्ता नेमका कुठे आहे? आणि हा कोड यानंतर कोण उघडणार, मी एकटा की सगळी टीम? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन उत्तरांवर ठरतात.

उदाहरण आधी ठरवून घेऊ

नुसत्या गप्पा नकोत म्हणून एक छोटा सराव घेऊ: एसटीच्या तिकिटाचा हिशोब, पायथॉनमध्ये. नियम ओळखीचे आहेत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून मोफत प्रवास. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं. रुपयाच्या खालचे पैसे कसे धरायचे, हा नियम मात्र मी सरावापुरता बनवलाय: अर्धा रुपया आला की वरचा रुपया. महामंडळाचा खरा हिशोब असा चालतो असं कृपया समजू नका.

आता पहिली टेस्ट: ४० रुपयांचं अर्धं तिकीट २०. हिरवी. दुसरी: ३५ चं अर्धं १७.५०, म्हणजे १८. पायथॉनचं ‘राउंड’ वापरलं, हिरवी. तिसरी: ४५ चं अर्धं २२.५०, म्हणजे २३. लाल! मिळाले २२. पायथॉन ३ मधलं ‘राउंड’ बरोब्बर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. १७.५ चे १८ होतात, पण २२.५ चे २२. म्हणजे ३५ ची टेस्ट निव्वळ नशिबाने पास झाली होती. आपल्याला याच क्षणी उठावं लागलंय.

पायरी १: यादी बसतानाच करा

उठण्याची तयारी बसताना सुरू होते. पहिली टेस्ट लिहिण्याआधी सुचतील त्या सगळ्या टेस्टची यादी करायची. टीडीडीला आजचं रूप देणाऱ्या केंट बेक यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात ही टेस्टची यादी सांगितलीय. मला वाटतं, वाचणारे सगळ्यात आधी हीच गोष्ट विसरतात. आपल्या उदाहरणातली यादी अशी दिसेल:

– ४० चं अर्धं २० (झालं)
– ३५ चं अर्धं १८ (झालं)
– ४५ चं अर्धं २३ ← इथे
– पाचवा वाढदिवस असेल त्या दिवशी: अर्धं
– बारा वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी?
– ७८ वर्षांच्या आजी: मोफत, निम्मं नाही
– आठ वर्षांची मुलगी: दोन सवलती एकावर एक का? विचारायचं
– भाडं शून्य किंवा उणे आलं तर

ही यादी मी टेस्टच्या फाइलमध्ये सगळ्यात वर कॉमेंट म्हणून ठेवतो. वहीत ठेवणारेही आहेत, पण वही घरी राहते आणि फाइल ब्रँचबरोबर जाते (ब्रँच म्हणजे गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातली कामाची वेगळी शाखा). मर्जच्या, म्हणजे ब्रँच मुख्य कोडात मिसळण्याच्या, आधी कॉमेंट काढून टाकायची. तोवर ती रिकामी झालेली असते, किंवा उरलेल्या ओळींची टीमच्या कामांच्या यादीत ‘तिकिटं’ (एसटीची नव्हे, कामाच्या नोंदी) तयार झालेली असतात.

यादीचा दुसरा उपयोग आतून येणाऱ्या व्यत्ययाला होतो. खांद्यावर पडणाऱ्या हातापेक्षा हे व्यत्यय जास्त. ४५ ची टेस्ट लिहिताना ‘अरे, वयाची सीमा कुठे तपासतोय आपण?’ असं मनात आलं की हात आपोआप तिकडे वळतो, आणि दहा मिनिटांत दोन टेस्ट लाल होतात. दोन लाल म्हणजे एकही धड नाही. मनात आलेलं एका ओळीत यादीत टाका आणि परत ४५ कडे या. एका वेळी एकच लाल.

पण हातातली टेस्टच फार मोठी निघाली तर? ‘महिला, लहान मूल आणि ज्येष्ठ नागरिक असं तिघांचं एकत्र बुकिंग’ अशी टेस्ट लिहून बसलात आणि वीस मिनिटं ती लालच आहे, तर चिकाटी दाखवण्यात अर्थ नाही. ती टेस्ट काढा, नाव यादीत ठेवा, तिच्या पोटातली एक बारकी टेस्ट लिहा, ती हिरवी करा आणि मग मोठी परत आणा. बेक यांनी याला चाइल्ड टेस्ट असं नाव दिलंय. शिवाय बारक्या टेस्टवर काम करणाऱ्याला कोणीही कधीही उठवलं तरी फारसं बिघडत नाही.

पायरी २: आत्ता मी कुठे आहे?

सगळं हिरवं असताना बोलावणं आलं तर तुमचं नशीब चांगलं. कमिट करा, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवा. एक मिनिट असेल तर यादीतली पुढची टेस्ट लिहून लाल करून ठेवा, आणि उठा.

टेस्ट लाल आहे आणि कोडला अजून हात लावलेला नाही, तर तेही ठीक. ही सगळ्यात चांगली खूण आहे. तशीच ठेवा. परत आल्यावर यंत्रच सांगेल कुठून सुरू करायचं.

कोड अर्धा लिहून झालाय, ही जागा जरा अवघड. दोन मिनिटांत हिरवं होईल अशी खात्री असेल तर करून टाका. पण ही खात्री प्रत्येक वेळी वाटते, म्हणून मी घड्याळ पाहतो. नसेल होत तर दोन वाटा आहेत. एक, अर्धा कोड उडवायचा आणि लाल टेस्टवर परत यायचं. पाच-सात ओळींचाच प्रश्न असतो, आणि परत लिहिताना त्या बहुतेक वेळा आधीपेक्षा बऱ्या येतात. दुसरी वाट म्हणजे खोटं उत्तर देऊन हिरवं करणं: भाडं ४५ असेल तर सरळ २३ परत करा. यादीत ‘४५ चं खोटं उत्तर काढायचं’ अशी ओळ मात्र त्याच क्षणी पडली पाहिजे. ती राहिली, तर काही महिन्यांनी कोणीतरी तो ‘जर ४५ तर २३’ बघून कपाळाला हात लावेल. मी पहिली वाट धरतो.

आता सगळ्यात वाईट जागा, रिफॅक्टरिंगच्या मध्यावर. फंक्शनचं नाव चार ठिकाणी बदललंय, दोन ठिकाणी राहिलंय. एक वर्ग फोडायला घेतलाय, त्यातली अर्धी कामं नव्या फाइलमध्ये गेलीत. इथे लाल टेस्ट काहीही सांगत नाही, कारण अकरा टेस्ट लाल आहेत आणि त्यातली एकही नव्या वागणुकीबद्दल नाही. अशा वेळी मी शेवटच्या हिरव्या कमिटवर परत जातो आणि अर्धवट रिफॅक्टरिंग सरळ फेकून देतो. जीव तुटतो, खरं आहे. पण चार दिवसांनी त्या अकरा लालांतून वाट काढायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या पावपट वेळात तेच रिफॅक्टरिंग नव्याने होतं, कारण काय करायचं ते आता माहीत असतं. यादीत एक ओळ टाका: ‘सवलतीचा हिशोब वेगळ्या वर्गात न्यायचा, आधी नाव बदल, तेवढंच कमिट, मग हलव.’

यावरून एक सवय लागते. रिफॅक्टरिंग करताना दर बदलानंतर टेस्ट चालवायच्या आणि दर हिरव्यावर कमिट करायचं. मग लाइट गेले काय किंवा फोन वाजला काय, फेकण्यासारखं पाच मिनिटांपेक्षा जास्त काही उरत नाही.

पायरी ३: लाल कशामुळे आहे ते बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळायचो.

लाल टेस्ट खुणेसाठी ठेवायची, तर ती योग्य कारणासाठी लाल हवी. ‘अपेक्षित २३, मिळाले २२’ हे योग्य कारण आहे: टेस्ट चालली, कोड चालला, उत्तर चुकलं. याउलट ‘असं फंक्शनच सापडत नाही’, ‘इम्पोर्ट होत नाही’, ‘कंस बंद झालेला नाही’ हेही लालच दिसतं, पण त्यातून परत आलेल्या माणसाला काहीच कळत नाही. पायटेस्ट या पायथॉनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनात तर टेस्टच्या फाइलच्या वरचा इम्पोर्टच फसला, की त्या फाइलमधली एकही टेस्ट गोळा होत नाही, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर सगळा रन तिथेच थांबतो. जावामध्ये अर्धी लिहिलेली टेस्ट कंपाइल होत नसेल, तर त्या मोड्यूलच्या बाकीच्या टेस्टही अडकतात. तुमच्या एका अर्धवट ओळीने सत्तर चांगल्या टेस्ट मुक्या केल्या.

म्हणून उठण्याआधी निदान रिकामं फंक्शन लिहा, शून्य परत करणारं. टेस्ट एकदा चालवा. संदेश आकड्यांतला येतोय ना, ते बघा. मग उठा. यात अर्धं मिनिट जातं.

टेस्टचं नावही याच वेळी सुधारा. ‘टेस्ट तीन’ नको. ‘पंचेचाळीसचं अर्धं तिकीट अर्धा रुपया वर धरून तेवीस’ असं लांबलचक चालेल. जाता जाता, पायथॉन ३ मध्ये फंक्शनची नावं देवनागरीतही देता येतात. फक्त पायटेस्टला ओळखू यावं म्हणून नावाच्या सुरुवातीला ‘टेस्ट’ हा शब्द रोमनमध्येच लागतो. ऑफिसात मी हे करत नाही, पण शिकवताना करतो, आणि शिकणाऱ्यांना फेल झालेल्या टेस्टचं मराठी नाव वाचून फार मजा येते.

आणखी एक सापळा आहे: रिकामी टेस्ट. ‘नाव लिहून ठेवतो, आतलं नंतर भरू’ म्हणून नुसता सांगाडा ठेवून उठलात, तर ती टेस्ट लाल होत नाही, हिरवी होते. आत एकही तपासणी नाही, त्यामुळे फेल व्हायला कारणच नाही. पायटेस्ट तिला पास म्हणतं, जावाचं जेयुनिट पास म्हणतं. अशी एक टेस्ट आमच्या एका प्रोजेक्टमध्ये कितीतरी महिने ‘परतावा दोनदा दिला जात नाही’ या नावाने हिरवी उभी होती, आणि परतावा दोनदा जात होता! सांगाडा ठेवायचाच असेल तर आत पहिली ओळ मुद्दाम फेल करणारी लिहा, संदेशासकट: ‘अजून लिहायची आहे.’ काही साधनांत याची सोय तयारच आहे. जावास्क्रिप्टच्या जेस्टमध्ये ‘टेस्ट डॉट टूडू’ आहे. रुबीच्या आरस्पेकमध्ये आतला मजकूर न देता नुसतं वाक्य लिहिलं की ती प्रलंबित धरली जाते. पीएचपीयुनिटमध्ये टेस्ट ‘अपूर्ण’ आहे असं सांगणारी वेगळी हाक आहे.

पायरी ४: गिटमध्ये नीट ठेवा

हॉटफिक्ससाठी, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीसाठी, दुसऱ्या ब्रँचवर जायचंय आणि इथे काम अर्धवट आहे. बहुतेकांचा हात ‘गिट स्टॅश’कडे जातो, अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवणाऱ्या कमांडकडे. माझाही गेला होता. पण गिटने ज्या फाइलला अजून एकदाही ओळख दिलेली नाही, तिला साधा स्टॅश हातच लावत नाही. आणि टीडीडी करणाऱ्याची नवी फाइल कोणती असते? टेस्टची! कोड स्टॅशमध्ये गेला, टेस्टची फाइल मात्र तिथेच राहिली. मी हॉटफिक्सच्या ब्रँचवर गेलो, टेस्ट चालवल्या, एक लाल. अर्धा तास हॉटफिक्समध्ये चूक शोधली. मग लक्षात आलं की ही तर माझीच जुनी टेस्ट इथवर मागे लागून आलीय. वैतागून ‘गिट क्लीन’ (गिटला अनोळखी फाइल पुसणारी कमांड) चालवलं आणि ती फाइल कायमची गेली. स्टॅशमधून कोड परत आला, पण तो कशासाठी लिहिला होता ते सांगणारी टेस्ट आता नव्हती.

स्टॅश करायचाच तर ‘डॅश यू’ लावून करा, म्हणजे नव्या फाइलही आत जातात, आणि ‘डॅश एम’ लावून त्याला नाव द्या. बिननावाचे सहा स्टॅश साठले की ‘गिट स्टॅश लिस्ट’ उघडून बघण्याचीही इच्छा होत नाही. शिवाय स्टॅश पुशबरोबर सर्व्हरवर जात नाही. लॅपटॉप गेला की तोही गेला. जेवणाच्या सुट्टीपुरता स्टॅश ठीक आहे, त्याहून लांब नाही.

लांबच्या व्यत्ययाला मी स्वतःच्या ब्रँचवर सरळ कमिट करतो. मेसेज असा: ‘अर्धवट: ४५ चं अर्धं तिकीट लाल, राउंड सम संख्येकडे जातं, पैशात पूर्णांक हिशोब करायचा.’ मेसेजमध्ये तीन गोष्टी आल्या: काय लाल आहे, कशामुळे, पुढची हालचाल कोणती. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण डोक्यातून तीच आधी उडते. कमिटच्या आधी आपोआप टेस्ट चालवणारा हुक (गिटला जोडलेली छोटी स्क्रिप्ट) लावलेला असेल तर तो अडवेल. या एका कमिटपुरतं ‘नो व्हेरिफाय’ लावायला हरकत नाही, मात्र फक्त स्वतःच्या ब्रँचवर. मग पुश करा. सीआय म्हणजे पुश झाला की सर्व्हरवर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा. मेसेजमध्ये चौकटी कंसात ‘स्किप सीआय’ लिहिलं तर गिटहब ॲक्शन्स आणि गिटलॅब दोन्ही तो रन सोडून देतात, आणि टीमच्या चॅनेलवर उगाच ‘बिल्ड फुटला’ असा संदेश जात नाही. परत आल्यावर ‘गिट रीसेट’ करून तो कमिट सोडवा आणि काम पुढे न्या. पुश झालेला असल्यामुळे पुढच्या वेळी फोर्स पुश, म्हणजे सर्व्हरवरच्या जुन्यावर नवं लिहिणारा पुश, लागेल. तो ‘विथ लीज’ लावूनच करा, म्हणजे मध्ये कोणी काही टाकलं असेल तर ते पुसलं जाणार नाही.

पण खरी मजा ‘गिट वर्कट्री’मध्ये आहे. २०१५ पासून गिटमध्ये असूनही ती वापरणारे कमीच भेटतात. एकाच रिपॉझिटरीची दुसरी ब्रँच ती शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून देते. हॉटफिक्स त्या फोल्डरमध्ये करा. तुमचं ताट इथे तसंच वाढलेलं राहतं: उघड्या फाइल, लाल टेस्ट, कर्सर सगळं जागच्या जागी. एकच कटकट, नव्या फोल्डरमध्ये पायथॉनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट किंवा नोडची पॅकेजेस पुन्हा बसवावी लागतात. आठवड्यातून दोनदा आगी विझवायला बोलावलं जात असेल, तर एक वर्कट्री कायमच तयार ठेवा.

पायरी ५: टीमच्या ब्रँचवर लाल काही ठेवायचं नाही

माझी आजी पोथी वाचताना अध्याय अर्धा ठेवून कधी उठायची नाही. दारात कोणी आलं तरी हाताने ‘थांब’ म्हणायची, अध्याय संपवायची, मोरपीस ठेवायची, मग बोलायची. टीमच्या मेन ब्रँचला हाच नियम. स्वतःच्या ब्रँचला मात्र बरोबर उलटा: तिथे मुद्दाम अध्यायाच्या मध्यावर, एक टेस्ट लाल ठेवूनच उठायचं. बेक यांनीही हे दोन नियम असेच वेगळे केलेत. एकट्याचं काम असेल तर शेवटची टेस्ट मोडलेली ठेवा. टीममध्ये असाल तर सगळं हिरवं करूनच जमा करा.

मेनवर लाल नको याला शिस्तीपलीकडेही कारणं आहेत. दुसऱ्या कोणाची टेस्ट लाल झाली तर ती त्याच्यामुळे की तुमच्यामुळे, हे त्याला कळत नाही. ‘ती एक लालच असते, दुर्लक्ष कर’ हे वाक्य एकदा टीममध्ये रुळलं, की दुसरी लालही त्याच वाक्याखाली लपते. आणि पुढे ‘गिट बायसेक्ट’ने चूक कोणत्या कमिटमध्ये घुसली ते शोधायला जाल, तेव्हा मधले लाल कमिट चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतात.

मग अर्धवट टेस्ट मेनवर न्यायचीच असेल तर? उदाहरणार्थ, चूक माहीत आहे, ती दाखवणारी टेस्ट तयार आहे, पण दुरुस्ती पुढच्या स्प्रिंटला आहे. यासाठी तीन वेगळ्या खुणा आहेत आणि लोक त्यांची सर्रास सरमिसळ करतात.

‘स्किप’ म्हणजे टेस्ट चालवूच नको. विंडोजवरच चालणारी टेस्ट लिनक्सवर गाळायची, यासाठी ती आहे. जेयुनिट ५ मध्ये हेच काम ‘डिसेबल्ड’ करतं. अर्धवट कामासाठी ही खूण वाईट, कारण दुरुस्ती झाली तरी ती टेस्ट झोपलेलीच राहते आणि कोणाला कळतही नाही.

‘एक्सफेल’ म्हणजे चालव, ती फेल होणार हे मला माहीत आहे. अर्धवट कामासाठी हीच. पण पायटेस्टमध्ये तिला ‘स्ट्रिक्ट’ लावाच. स्ट्रिक्ट नसेल तर टेस्ट अनपेक्षितपणे पास झाली तरी पायटेस्ट नुसती नोंद करून पुढे जातं. स्ट्रिक्ट असेल तर पास होताच बिल्ड थांबतो: दुरुस्ती झालीय, आता खूण काढा. ‘रेझेस’ लावून कोणत्या प्रकारची चूक अपेक्षित आहे तेही सांगता येतं. म्हणजे आकडा चुकला तर चालेल, पण डेटाबेसच जोडला गेला नाही तर ती खरी लाल धरावी. पायरी ३ मधलं ‘योग्य कारण’ इथे यंत्रालाच सांगून ठेवता येतं. आरस्पेकचं ‘पेंडिंग’ आणि जेस्टचं ‘टेस्ट डॉट फेलिंग’ याच जातीचे: दोन्ही टेस्ट चालवतात आणि ती पास झाली तर ओरडतात.

‘टूडू’ म्हणजे टेस्ट अजून लिहिलेलीच नाही, नुसतं नाव. आठ वर्षांच्या मुलीचं तिकीट इथे जातं. त्यात अपेक्षित आकडाच माहीत नाही: मुलांचं अर्धं आणि महिलांचं निम्मं हे एकावर एक लावायचं की एकदाच? हा कोडचा प्रश्न नाही, नियमाचा आहे. इथे अंदाजाने एक आकडा टाकून टेस्ट लिहिली, तर पुढच्या माणसाला तो अंदाज नियम वाटेल. आकडा माहीत नसेल तर टेस्ट लिहू नका, प्रश्न लिहा, आणि कोणाला विचारलंय तेही.

खूण कोणतीही असो, कारण आणि तिकीट नंबर नसेल तर रिव्ह्यूमध्ये परत पाठवा. ‘तात्पुरतं’ हे कारण होत नाही. आमच्याकडे दर सोमवारी स्टँडअपला अशा खुणांचा आकडा एकजण मोठ्याने वाचून दाखवतो. पायटेस्टला ‘डॅश आर’पुढे योग्य अक्षरं दिली की कारणांसकट यादी मिळते. आकडा वाढत गेला की आपोआप कोणालातरी लाज वाटते.

आणि ‘ओन्ली’ विसरू नका. जेस्ट आणि मोका या जावास्क्रिप्टच्या साधनांत एकाच टेस्टवर लक्ष ठेवायला आपण ‘डॉट ओन्ली’ लावतो. व्यत्यय आला, ते तसंच राहिलं, कमिट झालं, की निदान त्या फाइलमधल्या बाकीच्या टेस्ट चालतच नाहीत आणि वरून सगळं हिरवं दिसतं. मोकाला सीआयवर ‘फॉरबिड ओन्ली’ लावा. जेस्टसाठी ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा नियम आहे. अर्धवट लाल टेस्ट निदान दिसते तरी.

पायरी ६: काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं असेल तर

सुट्टीवर जाताना किंवा टीम बदलताना लाल टेस्ट ठेवून जाणं पुरत नाही. खूण तुमची असते, समोरच्याला ती दिसली तरी वाचता येत नाही. मागच्या वर्षी टीममधल्या एका सहकारिणीशी झालेला संवाद:

‘‘दादा, तुझ्या ब्रँचवर एक लाल आहे. ती माझ्यामुळे झाली का?’’

‘‘नाही गं, ती मीच ठेवलीय.’’

‘‘मुद्दाम? मी सकाळपासून ती हिरवी करत बसलेय. राउंडच्या आधी पॉइंट शून्य एक मिळवलं, झाली हिरवी.’’

तिची चूक नव्हती. टेस्ट हिरवी करणं हेच काम आहे असं तिला वाटलं. हिशोब पैशांच्या पूर्णांकात न्यायचा, हे माझ्या डोक्यात होतं आणि डोकं सुट्टीवर होतं. तेव्हापासून काम देताना मी ब्रँच हिरवी करून देतो, लाल टेस्टला एक्सफेल लावतो, आणि कारणाच्या जागी पुढची हालचाल लिहितो. शिवाय दहा मिनिटं शेजारी बसून पुढची एक टेस्ट तिच्याच हातून लिहून घेतो. चिठ्ठीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

पायरी ७: परत आल्यावर

आधी काही टाइप करू नका. सगळ्या टेस्ट एकदा चालवा. एकच लाल आली आणि ती तुम्ही ठेवलेलीच असेल, तर बरं. दोन आल्या तर मध्ये काहीतरी बदललंय: मेनवरून काही ओढलं गेलं, एखादं पॅकेज नवं झालं, किंवा टेस्टमध्ये ‘आजची तारीख’ आहे आणि मुलाचा वाढदिवस होऊन गेला. ती अनोळखी लाल आधी मिटवा. तुमची थांबेल.

मग पायटेस्टला ‘डॅश डॅश एलएफ’ द्या, म्हणजे मागच्या वेळी फेल झालेल्याच टेस्ट चालतात. ही आठवण प्रोजेक्टच्या कॅश फोल्डरमध्ये असते. दुसऱ्या मशीनवर किंवा नव्या वर्कट्रीत आधीचा पूर्ण रन न करताच हे दिलं तर ती नसेल, आणि मग सगळ्याच टेस्ट चालतील. त्याने घाबरू नका.

कमिटचा मेसेज वाचा, यादीतला बाण बघा, टेस्टचं नाव मोठ्याने वाचा. पाच मिनिटांत ‘हां, हे असं होतं’ असं झालं नाही, तर टेस्ट उडवा आणि यादीतल्या ओळीवरून पुन्हा लिहा. न कळलेली टेस्ट हिरवी करायला गेलात तर पॉइंट शून्य एकची गोष्ट होते.

ब्रँच तीन आठवड्यांहून जुनी असेल तर आणखी कडक. आधी मेनवर जाऊन सगळं हिरवं आहे ना ते बघा, तिथून नवी ब्रँच काढा, जुन्या ब्रँचवरची फक्त टेस्ट इकडे आणा, कोड नको. टेस्ट लाल झाली तर काम अजून बाकी आहे. हिरवी झाली तर ते मध्ये कोणीतरी करून टाकलंय, आणि तुमची दुपार वाचली.

आमची ४५ ची टेस्ट परवा संध्याकाळी पुढे गेली. भाडं पैशांत घेतलं: ४५०० चे निम्मे २२५०, त्यात ५० मिळवले, शंभरने पूर्णांक भागाकार केला, २३. त्याच हिशोबात ३५ चे १८ आले, या वेळी नशिबाने नाही. हिरवं, कमिट, यादीतला बाण खाली पाचव्या वाढदिवसावर. तेवढ्यात जेवायला हाक आली, म्हणून ती टेस्ट लिहून, लाल करून, संदेश आकड्यांतला येतोय ना ते बघून उठलो. आठ वर्षांच्या मुलीचं उत्तर अजून आलेलं नाही.